मार्क बोमाँटचे ७८ दिवस : पाय किती, पथक किती?

गोदाकाठ (धागाकर्ता)

सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेचा विषय निघाला की मार्क बोमाँटचं नाव येतंच. इथे ब्रेव्हेवाले (ठरलेल्या वेळेत लांब अंतर सायकल मारणारे) बरेच आहेत, म्हणून विचारतो.

माणूस स्कॉटलंडचा. बाराव्या वर्षी डंडी ते ओबान असा स्कॉटलंड आडवा पार केला, पंधराव्या वर्षी ब्रिटनचं एक टोक ते दुसरं टोक. ५ ऑगस्ट २००७ ला पॅरिसहून निघाला आणि १५ फेब्रुवारी २००८ ला पॅरिसला परत. १९४ दिवस १७ तास, २९,४४६ किमी. सामान सायकलवर, सोबत कुणी नाही. त्याआधीचा विक्रम २७६ दिवसांचा होता. त्या फेरीत तो भारतातूनही गेला, पंजाबातून आत आणि कोलकात्याहून बाहेर.

मग २०१७. २ जुलैला पॅरिस, १८ सप्टेंबरला पुन्हा पॅरिस. ७८ दिवस १४ तास ४० मिनिटं. या वेळी मागे गाड्या, मेकॅनिक, फिजिओ, स्वयंपाक, सगळं.

रोजची सरासरी १५१ किमीवरून ३६८ वर गेली. दहा वर्षांत माणसाचे पाय अडीचपट होत नाहीत. मग यात पाय किती आणि पथक किती? माझं मत, सत्तर टक्के पथक. खोडून काढा.

(प्रायोजक, पैसा वगैरेंसाठी वेगळा धागा काढा. इथे सायकलवरच राहू.)

चेनलूब

३६८ हा आकडा विमानात गेलेले दिवसही धरून आहे. आखणी ८० दिवसांची होती : ७५ दिवस सायकल, ३ दिवस विमानप्रवास, २ दिवस हाताशी राखीव. गिनीजच्या नियमाप्रमाणे किमान १८,००० मैल सायकल चालवावी लागते. भागिले ७५ म्हणजे रोज २४० मैल, आपल्या भाषेत ३८६ किमी.

आता दिवस बघा. पहाटे चारला सीटवर. चार-चार तासांचे चार डाव, मध्ये अर्धा-अर्धा तास. झोप पाच तास. सोळा तासांत ३८६ म्हणजे ताशी २४.

ताशी २४! हे रविवारी सकाळी दौलताबादपर्यंत जाणारी मंडळीपण करतात. त्याने वेग वाढवलाच नाही, थांबणं बंद केलं. एका डावात ९६-९७ किमी. तो झाला की दुसरा. ७५ दिवस हेच.

मी_परभणीकर

ताशी २४ नं सोळा तास म्हणं. आमच्याकडं लोक एसटीत सहा तास बसले की कंबर धरायलेत 😀

बालाघाट

@चेनलूब, बरोबर. पण २४ च का, ३० का नाही, हे सांगायला हवं. नाहीतर नवी पोरं म्हणतील जोरात मारू आणि जास्त झोपू.

सपाट रस्ता, वारा नाही, माणूस-सायकल-सामान मिळून ८५ किलो, हात ड्रॉप बारवर (खाली वळलेलं हँडल), ठीकठाक टायर असं धरा. ताशी २४ ला साधारण ८५ ते ९० वॅट लागतात. ताशी ३० ला १४५ च्या आसपास. वेग पाव पटीने वाढला, मेहनत दीडपटीच्या वर गेली, कारण हवा कापायची शक्ती वेगाच्या घनाने वाढते. बदल्यात वाचले किती? ३८६ किमीला १६ ऐवजी १३ तास. तीन तास मिळाले, पण पाय असे मोडले की उद्याचे ३८६ गेले. एका दिवसाच्या शर्यतीत हे चालेल, अडीच महिन्यांत नाही.

आता समोरून ताशी १५ चा वारा घ्या. तोच २४ चा वेग ठेवायला पावणेदोनशे वॅट लागतात. दुप्पट! म्हणूनच हे सगळे विक्रमवीर पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. त्या अक्षांशांवर पश्चिमेचे वारे जास्त. पॅरिस ते बीजिंग, पर्थ ते ब्रिस्बेन, इन्व्हरकार्गिल ते ऑकलंड, अँकरेज ते हॅलिफॅक्स आणि शेवटी लिस्बन ते पॅरिस, असा त्याचा मार्ग. न्यूझीलंड दक्षिणोत्तर आहे आणि लिस्बन ते पॅरिसही ईशान्येला चढत जातं, बाकी सगळं पूर्वेला तोंड करून.

सावली_शोधतेय

हेच गणित मराठवाड्याला लावा. जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैऋत्येचा आणि दुपारी चढता. नांदेडहून संभाजीनगरला जायचं म्हणजे तोंड वाऱ्याला. ते अंतर रात्री आणि पहाटे काढायचं, वारा पडलेला असतो तेव्हा. दुपारी वारा पाठीवर घेऊन परत. बरेच जण उलटं करतात. सकाळी जालना-परभणीकडे पाठीवरच्या वाऱ्यात मजेत उतरतात आणि परतीला भर दुपारी वाऱ्याशी भांडत बसतात.

संभाजीनगर-बीड-येडशी रस्ता उत्तर-दक्षिण आहे. तिथे वारा दोन्ही वेळा कुशीतून. खोल रिमची चाकं त्या चौपदरीवर लावू नका. ट्रक शेजारून गेला की आधी वारा तुटतो आणि लगेच झापड बसते, पुढचं चाक एकदम ओढलं जातं.

खडीफोड्या

समृद्धीवरून सायकल नेता येते का? मस्त गुळगुळीत आहे.

चेनलूब

नाही. तिथे दुचाकीलाच बंदी आहे, सायकल तर सोडाच. दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो.

गोदाकाठ

@बालाघाट, मुद्दा मान्य. पण मग माझंच म्हणणं खरं ठरतं ना? वेग तोच, थांबे गेले. थांबे कुणी घालवले? पथकाने. पाणी कुठे मिळेल, जेवण कुठे, झोपायचं कुठे, कपडे कधी धुवायचे, यातलं काहीच त्याला करायचं नव्हतं.

डायनॅमो

अर्धं बरोबर. एकट्याने जाणाऱ्याचे दिवसाला तीन-चार तास याच भानगडीत जातात हे खरं. पण थांबे गेल्यावर जे उरतं ते सोपं होत नाही, अवघडच होतं. सोळा तास सीटवर बसणारं शरीर कुठे कुठे मोडतं ते बघा.

बूड. जखम होते तीन गोष्टींनी : दाब, घर्षण, ओल. क्रीमने फक्त घर्षण कमी होतं. ओलीवर इलाज एकच, डाव संपला की शॉर्ट बदलायची, अंग कोरडं करायचं, मग नवीन. दाबासाठी दर वीसेक मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारायचं. सीट दोन-तीन मिलिमीटर जास्त उंच असली तर २०० किमीला कळत नाही. ६०० ला कंबर डुलून डुलून एकाच बाजूला जखम होते. एकाच बाजूला होत असेल तर क्रीम बदलू नका, आधी सीटची उंची बघा.

हात. करंगळी आणि अनामिका बधिर होतात, तळव्याच्या बाहेरच्या कडेची नस दाबली जाते म्हणून. हँडलवर डबल टेप, एअरो बार (पुढे झुकून कोपरं टेकवायचे दांडे), आणि हाताची जागा सतत बदलणं. पुढे जाऊन ब्रेक दाबायची ताकदच जाते. म्हणून लांबच्या राइडला बटणाचे इलेक्ट्रॉनिक गिअर घेतात. चैन म्हणून घेत नाहीत.

मान. अमेरिका आरपार जाणाऱ्या रॅम शर्यतीत, सुमारे ४,८०० किमी, एकट्यासाठी १२ दिवसांची मुदत, अनेकांची मानच पडते. स्नायू डोकं उचलायचंच नाकारतात. मग लोक हनुवटीखाली आधार बांधून चालवतात. ती शर्यत नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ ला दोघांच्या गटात पूर्ण केली आणि २०१७ ला श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे अमित समर्थ यांनी एकेकट्याने. पथक त्यांनाही होतंच. पथक मान धरून ठेवत नाही.

रानमेवा

वर कुणीच खाण्यावर बोललं नाही. आश्चर्य आहे, मराठवाड्याचा धागा असून.

बोमाँटचं दिवसाचं खाणं ९,००० कॅलरीच्या घरातलं होतं. पण आतड्याला मर्यादा आहे. नुसतं ग्लुकोज असेल तर तासाला ६० ग्रॅमच्या वर जात नाही. ग्लुकोज-फ्रुक्टोज मिश्र असेल तर सवयीने ९० पर्यंत. ९० गुणिले १६ तास म्हणजे १,४४० ग्रॅम, पावणेसहा हजार कॅलरी. बाकीचं डावांच्या मधल्या जेवणातून आणि अंगावरच्या चरबीतून. म्हणजे सोळा तासांतला एकही तास न खाता घालवून चालत नाही. पोटाला ही सवय आधी काही महिने लावावी लागते. ऐनवेळी ९० ग्रॅम ओतले की उलटी.

आपल्याकडचं : गूळ मुळात साखरच, म्हणजे आपसूक मिश्रण. मध्यम केळं म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास. शेंगदाण्याची चिक्की खिशात बरी, पण त्यात तेल आहे, हळू पचते. जोर लावायच्या आधी नको. ज्वारीची भाकरी थांब्यावर, चालत्या सायकलवर नाही. तंतू जास्त, पोट जड. दशमी किंवा धपाटे दही लावून पहाटेच्या थांब्याला उत्तम. टिकतात पण आणि चवीने खाल्लेपण जातात. गोड जेलवर माणूस दुसऱ्या दिवशी वैतागतो, तिथे हे कामाला येतात.

ओआरएसची पुडी एक लिटरलाच. अर्ध्या लिटरमध्ये पूर्ण पुडी टाकली की घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं आणि पोट बिघडतं. एप्रिल-मेमध्ये ही चूक फार होते.

मी_परभणीकर

अन् ठेचा?

रानमेवा

ठेचा खाऊन ३०० ची ब्रेव्हे काढणारा असेल तर त्याचा वेगळा विक्रम नोंदवावा. दाब, घर्षण, ओल या यादीत चौथी गोष्ट येईल.

मी_परभणीकर

😂😂 कळलं मालक, कळलं

वाचनमात्र_बरा

नवख्यांसाठी कुणीतरी तुलना द्या ना. ब्रेव्हे किती तासांची असते?

चेनलूब

२०० किमी साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, १००० ला ७५. एका हंगामात २००, ३००, ४००, ६०० चारही केल्या की सुपर रँडोनर. बोमाँट रोज जवळपास ४०० ची ब्रेव्हे करत होता. आपल्याला २७ तास देतात, त्याचं जेवणखाण धरून अठरा तासांत उरकायचं आणि पाच तास झोपून पुन्हा तेच.

नुसत्या पॅरिस-बीजिंग तुकड्यात त्याने एका महिन्यात सर्वाधिक अंतराचाही विक्रम केला, ११,३१५ किमी.

काळी_माती

@डायनॅमो, शरीराचं सांगितलंत, यंत्राचं राहिलं. साधारण तीन-चार हजार किमीला चेन जाते, पावसात आणि धुळीत त्याआधी. २९,००० किमी म्हणजे सात-आठ चेन, दोन-तीन कॅसेट (मागची दातेरी चक्रं), टायरचे कित्येक जोड. मेकॅनिक असेल तर हे रात्री तुम्ही झोपलेले असताना होतं. एकट्याचं ते झोपेतून कापलं जातं.

आपल्या भागातले दोन शत्रू.

एक, वेडी बाभूळ. रस्त्याकडेला तोडून ठेवलेल्या फांद्यांचे काटे डांबरावर येतात. पंक्चर काढताना ट्यूब बदलून मोकळं होऊ नका, काट्याचं टोक टायरच्या आत तुटून राहिलेलं असतं. बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून कपडा फिरवायचा, जिथे धागा अडकेल तिथे टोक. बोट फिरवू नका, बोटात जाईल. चिमट्याने आतून बाहेर ढकलायचं. हे न करता ट्यूब घातली की दहा किमीवर पुन्हा फुस्स, आणि दोष ट्यूबला. ट्यूबलेसवाल्यांनी सीलंट इथल्या उन्हात दोन महिन्यांनी तपासावं, वाळून त्याची साय होते. ३२ मिमी रुंद टायरला ४०-४५ मिली.

दोन, काळी माती. पावसात शेतरस्त्यावर चाक पन्नास मीटर फिरलं की टायर आणि फोर्कमध्ये चिखल भरून चाक जाम. जोर लावलात तर मागचे गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर वाकतो किंवा तुटतो. सायकल उचला, काडीने चिखल काढा, डांबरापर्यंत खांद्यावर न्या. सुटा हँगर एक जास्तीचा ठेवा, वजन काहीच नाही आणि तालुक्याच्या दुकानात मिळत नाही.

सावली_शोधतेय

आणि तिसरा शत्रू, उसाच्या ट्रॉल्या. कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाजूने बाहेर आलेला. रात्री मागून जाताना ती दिसते कधी? समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात जेव्हा एक मोठी आकृती रस्ता झाकते तेव्हा. तेवढ्यात तुम्ही पोचलेले असता. पुढचा दिवा फ्लॅशवर ठेवू नका. अंतराचा अंदाज येत नाही. स्थिर, आणि झोत वीस-पंचवीस मीटरवर पडेल असा. मागे दोन दिवे, एक स्थिर एक लुकलुकता, स्थिरचा उपयोग जास्त. रिफ्लेक्टिव्ह जाकीट ब्रेव्हेत रात्री सक्तीचंच असतं. त्यात घोट्याला पट्टी घाला. वरखाली होणारी पट्टी ड्रायव्हरला लगेच सायकल म्हणून कळते.

हे किरकोळ नाही. माईक हॉल, २०१२ ला एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेला माणूस, ३१ मार्च २०१७ ला ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ शर्यत चालू असताना पहाटे गाडीच्या धडकेत गेला. बोमाँटसुद्धा २०१७ च्या नवव्या दिवशी रशियात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आपटला. कोपराला फ्रॅक्चर, दात तुटला. पुढचे जवळपास सत्तर दिवस त्याच हाताने.

खडीफोड्या

फ्रॅक्चरवर सत्तर दिवस?? पथक नसतं तर घरी.

डायनॅमो

किंवा पथक होतं म्हणून घरी जाता आलं नाही 🙂 मागे इतकी माणसं जुंपलेली असताना थांबणं सोपं नसतं.

बोरघाट_नव्हे

तुम्ही सगळे त्याला सायकलवालाच करून टाकलात. मधली वर्षं? २००९-१० ला अँकरेज ते उश्वाया, उत्तर अमेरिकेच्या वरून दक्षिण अमेरिकेच्या तळापर्यंत, आणि वाटेत देनाली (६,१९० मी) आणि अकोंकाग्वा (६,९६१ मी) दोन्ही शिखरं. पायाला दोन वेगळ्या सवयी लावायच्या. सायकलमुळे मांडीचा पुढचा स्नायू आखडतो, पोटरीला भार पेलायची सवय राहत नाही. महिनोन्‌महिने पेडल मारून थेट क्रॅम्पॉनवर (बुटाला लावायचे बर्फाचे काटे) उभं राहायचं.

२०११ ला आर्क्टिकमध्ये वल्ही. २०१२ ला अटलांटिक वल्हवत पार करायला सहा जण निघाले, तीस दिवसांच्या आत जायचं होतं, २७ व्या दिवशी नाव उलटली. मालवाहू जहाजाने उचललं, सगळे वाचले. २०१५ ला कैरो ते केपटाऊन, १०,८०० किमीच्या आसपास, साधारण सहा आठवड्यांत.

२०१७ च्या पथकाची आखणी करणारा हा माणूस सगळ्यांतून गेलेला होता. म्हणून पाय वेगळे आणि पथक वेगळं ही विभागणीच मला पटत नाही. पथकाला काय सांगायचं हे त्यालाच कळत होतं.

गोदाकाठ

ही भावना झाली. आकडा द्या.

बालाघाट

देतो. मोठ्या पथकाशिवाय केलेल्या फेऱ्या रांगेत लावा.

अँड्र्यू निकल्सन, २०१५ : १२३ दिवस ४३ मिनिटं. बोमाँटने मोडला तो हाच विक्रम.
जेनी ग्रॅहम, २०१८ : १२४ दिवस ११ तास.
माईक हॉल, २०१२ : विमानं धरून १०७ दिवस, नुसते सायकलचे दिवस ९१ दिवस १८ तास. तेव्हा घड्याळ विमानात थांबायचं, नंतर नियम बदलला आणि ते चालूच राहू लागलं. जुने-नवे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना लोक इथेच घसरतात.
लेल विलकॉक्स, २०२४ : १०८ दिवस १२ तास, शिकागो ते शिकागो.

बारा वर्षांचं अंतर असलेले हॉल आणि विलकॉक्स दीड दिवसाच्या फरकात आहेत. म्हणजे मोठ्या पथकाशिवाय, आजच्या सायकलीवर जे होतं ते साधारण इथे येऊन थांबतं. बोमाँट ७८. पथकाचा वाटा १०७ ते ७८, एकोणतीस दिवस.

आणि १९४ ते १०७ हे सत्त्याऐंशी दिवस? ते पथकाशिवायच गेले. हलक्या बॅगा, एअरो बार, तंबूऐवजी बिव्ही (अंगाएवढी झोपायची पिशवी) आणि थांबायचं नाही हा हट्ट. हॉलने त्या फेरीत एकट्याने रोज ३१५ किमीच्या आसपास काढले. एकूण ११६ दिवस कमी झाले, त्यात पथक पाव भाग. तुमचे सत्तर टक्के उलटे बसतात.

गोदाकाठ

हं. घड्याळाच्या नियमाचं माहीत नव्हतं. पण शेवटचे दिवस कमी करणं जास्त महाग असतं ना? २०० चे १५० करणं आणि १०७ चे ७८ करणं सारखं कसं?

बालाघाट

सारखं नाहीच, ते मान्य. म्हणून पाव म्हटलं तरी तो सगळ्यात कठीण पाव. सत्तर मात्र नाही.

काळी_माती

वेदांगी कुलकर्णीचं नाव यादीत नाही? पुण्याची मुलगी, २०१८ ला पर्थहून निघाली, विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किमी, बराचसा भाग एकटीने. स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं. व्हिसाच्या भानगडी वेगळ्याच. भारतीय पासपोर्टवर या फेरीची आखणी करायची म्हणजे मार्ग वारा नाही, दूतावास ठरवतात. बोमाँटच्या वेळापत्रकात हा रकाना फार छोटा असणार.

गोदाकाठ

हा मुद्दा भारी आहे. पाय, पथक आणि पासपोर्ट.

वाचनमात्र_बरा

मी ४०० ची नोंदणी करतोय नोव्हेंबरात, संभाजीनगर-येडशी आणि परत. १९० जाऊन १९०, वर थोडं फिरून. वरचं सगळं वाचून एकच प्रश्न : ते चार तासांचे डाव मी पण लावावेत का?

चेनलूब

डाव लावा, पण वेळेवर नको, अंतरावर लावा. ८० किमीचे पाच. प्रत्येकानंतर २० मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहाटे चारला निघालात तर पहिला डाव थंडीत निघतो, बीड दुसऱ्या डावात येतं. बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट आहे, पोट भरलेलं घेऊन चढू नका, वर पोचून खा. येडशीला १९० वर ब्रेव्हेच्या कार्डावर शिक्का, बाटल्या भरा, बसू नका, तिसरा डाव अजून पन्नास किमी आहे. परतताना घाट उतरणीला आणि बहुतेक अंधारात. चौथा डाव सगळ्यात वाईट जातो, त्यासाठी खारट काहीतरी राखून ठेवा.

सावली_शोधतेय

आणि नोव्हेंबर म्हणजे उसाचा हंगाम सुरू. उतरताना ब्रेक तापू देऊ नका, आणि वळणापलीकडे ट्रॉली आहे असं धरूनच उतरा.

मी_परभणीकर

अन् येडशीला ठेचा नको 😀